मासा ताजा आहे हे नेमकं कशावरून ठरतं? कोळणीच्या पाटीपासून घरच्या कढईपर्यंतचं गणित

रविवारी सकाळी मुंबईतल्या कुठल्याही मासळी बाजारात गेलं, तरी पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मावशी, ताजं आहे ना?" उत्तरही ठरलेलंच. "आजचंच आहे, घेऊन तर बघ." मग गिऱ्हाईक कल्ला उचलून बघतं, पोट दाबून बघतं, भाव करतं, मासे कापून घेतं आणि पिशवी घेऊन घरी येतं.

दुपारी कधी पापलेट असं जमून येतं की घरातले सगळे बोटं चाटत उठतात. कधी मात्र तव्यावर टाकलेल्या तुकडीचा भुगा होतो, घरभर नकोसा वास सुटतो आणि "आजचंच" म्हणून घेतलेला मासा खरंच आजचा होता का, अशी शंका येते.

अशा वेळी कोळीण खोटं बोलली असेलच असं नाही. मासा त्या दिवशी बाजारात आलेला असू शकतो आणि तरीही तो पकडून आठवडा झालेला असू शकतो. उलट, त्याच सकाळी पकडलेला मासा दुपारी बारापर्यंत उन्हात राहिल्यामुळे बिघडलेलाही असू शकतो. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, पावाच्या पुड्यावर असते, माशावर नसते. त्यामुळे मासे घेणाऱ्याला डोळे, बोटं, नाक आणि विकणाऱ्याचा शब्द यांच्यावरच विसंबावं लागतं.

मग ताजेपणा नेमका कशावरून ठरतो, भाव रोज का बदलतो आणि फसगत कुठे होते, ते एकेक करून बघू.

"आज आलेला" आणि "आज पकडलेला" यात फरक काय?

समुद्रातून येणारी मासळी साधारण दोन वाटांनी येते.

पहिली वाट छोट्या होड्यांची. किनाऱ्यालगत जाळी लावून या होड्या बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी परततात. बोंबील, जवळा, करंदी अशी मासळी बरीचशी या वाटेने येते. कोळीवाड्याजवळच्या बाजारात सकाळी जे चमचमतं बोंबलांचं ढीगभर सोनं दिसतं, ते बहुतेक वेळा खरोखरच ताजं असतं.

दुसरी वाट मोठ्या यांत्रिक बोटींची. ट्रॉलरसारख्या बोटी एकदा समुद्रात गेल्या की आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त दिवस बाहेर राहतात. निघताना त्या बर्फ भरून नेतात आणि पकडलेले मासे बर्फाच्या खणात रचत जातात. बोट धक्क्याला लागते तेव्हा तिच्यात पहिल्या दिवशी पकडलेला मासाही असतो आणि आदल्या रात्री पकडलेलाही. मुंबईत १८७५ साली सुरू झालेला ससून डॉक आणि भाऊचा धक्का ही अशा बोटींची मोठी ठिकाणं. पहाट व्हायच्या आधीच तिथे माल उतरतो, लिलाव होतो आणि कोळणी आपापल्या पाट्या भरून टेम्पो, टॅक्सीने शहरभरच्या बाजारांत पोचतात.

म्हणून "आजचंच आहे" हे वाक्य दोन अर्थांनी खरं असू शकतं. मासा आज पकडला, हा एक अर्थ. मासा आज लिलावात घेतला, हा दुसरा. बाजारात बहुतेक वेळा दुसरा अर्थ अभिप्रेत असतो.

पण म्हणून मोठ्या बोटीचा मासा शिळा असं धरून चालणंही चूक आहे. तिथे मुद्दा येतो बर्फाचा.

दिवसांपेक्षा बर्फ महत्त्वाचा का?

मासा मेल्यावर त्याच्या शरीरात दोन गोष्टी सुरू होतात. एक म्हणजे त्याच्या स्वतःच्या पोटातले आणि स्नायूंतले पाचक रस त्याचंच मांस मऊ करू लागतात. दुसरी म्हणजे कातडी, कल्ले आणि आतड्यांतले जिवाणू वाढू लागतात. या दोन्ही क्रिया किती वेगाने होतील, हे तापमानावर ठरतं.

मासळी टिकवण्याच्या शास्त्रात एक ठोकताळा वापरला जातो. वितळत्या बर्फात, म्हणजे ० अंश सेल्सियसला, मासा ज्या वेगाने बिघडतो, त्याच्या सव्वादोन पट वेगाने तो ५ अंशांना बिघडतो आणि १० अंशांना चौपट वेगाने. मुंबईतल्या मे महिन्याच्या दुपारी हा वेग कुठे जात असेल, याचा अंदाज यावरून येतो.

याचा साधा अर्थ असा, की पकडल्यापासून सतत भरपूर बर्फात राहिलेला चार दिवसांचा मासा, सकाळी पकडून बर्फाशिवाय फळीवर पडून राहिलेल्या माशापेक्षा चांगला असू शकतो. त्यामुळे बाजारात शिरल्यावर माशाकडे बघण्याआधी त्याच्याभोवती बघावं. खाली-वर बर्फ आहे का? मासे बर्फाच्या चुऱ्यात गाडलेले आहेत, की चार खडे नुसते शोभेला ठेवलेत? नुसतं पाणी शिंपडून चकाकी आणली आहे का? पाणी शिंपडल्याने मासा ओला दिसतो, पण म्हणावा तसा थंड होत नाही.

डोळे, कल्ले, पोट: ही लक्षणं काय सांगतात?

घराघरांत आई-आजीकडून शिकवल्या जाणाऱ्या खुणांमागे पक्की कारणं आहेत.

डोळे: ताज्या माशाचे डोळे फुगीर, काळेभोर आणि काचेसारखे स्वच्छ असतात. वेळ जातो तसा डोळ्यातला द्रव कमी होतो, डोळे सपाट होतात, मग आत जातात आणि त्यांच्यावर दुधाळ पडदा येतो. ही खूण बदलता येणं कठीण, म्हणून ती जास्त विश्वासाची. मात्र डोळ्याला थेट बर्फ लागून राहिला, तर चांगल्या माशाचे डोळेही थोडे धुरकट होऊ शकतात. म्हणून एकट्या डोळ्यावर निकाल देऊ नये.

कल्ले: माशाचा श्वास कल्ल्यांतून चालतो, त्यामुळे तिथे रक्त भरपूर. ताजेपणी कल्ले लालबुंद असतात. हवेशी संबंध येऊन रक्ताचा रंग बदलतो, तसे ते आधी विटकरी आणि मग तपकिरी, राखाडी होतात. कल्ल्यांवर चिकट बुळबुळ आणि आंबट वास असेल, तर तो मासा सोडून द्यावा. रंग संशयास्पद वाटला, तर ओल्या बोटाने किंवा कागदाने पुसून बघावं. वरून लावलेला रंग बोटाला लागतो.

मांस: बोटाने दाबल्यावर खळगा लगेच भरून आला पाहिजे. खळगा तसाच राहिला, तर आतल्या धाग्यांची पकड सुटली आहे. अशीच तुकडी तव्यावर फुटते.

पोट: पाचक रस आतडी ओलांडून पोटाच्या भिंतीवर हल्ला करतात, तेव्हा पोट आधी मऊ पडतं आणि मग फुटतं. बांगडा, तारली अशा माशांमध्ये हे फार लवकर होतं.

वास: ताज्या माशाला "मासळीचा वास" जवळपास नसतोच, त्याला खाऱ्या पाण्याचा, शेवाळाचा हलका वास असतो. समुद्री माशांच्या शरीरात एक नैसर्गिक, बिनवासाचा पदार्थ असतो. जिवाणू त्याचं रूपांतर ट्रायमिथाइल अमीन नावाच्या पदार्थात करतात. नाकाला झोंबतो तो हा. म्हणजे ज्याला लोक माशाचा वास म्हणतात, तो खरं तर जुन्या होत चाललेल्या माशाचा वास आहे.

प्रत्येक मासळीची परीक्षा वेगळी

पापलेटाला लावलेली कसोटी खेकड्याला लावून चालत नाही. रोजच्या खाण्यातल्या काही मासळीचं बघू.

बोंबील: याच्या मांसात पाण्याचं प्रमाण फारच जास्त, म्हणून तळण्याआधी वजनाखाली दाबून पाणी काढतात. ताजा बोंबील गुलाबीसर पांढरा, अर्धपारदर्शक आणि तकतकीत असतो. पिवळट, मलूल आणि तुटका दिसला, तर त्याची वेळ उलटून गेली. याला दाबून बघण्यात अर्थ नाही, कारण तो मुळातच मऊ.

बांगडा, कुपा, सुरमई: यांच्या बाबतीत चवीपेक्षा तब्येतीचा प्रश्न मोठा. हे मासे पुरेशा थंडीत ठेवले नाहीत, तर जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार करतात. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत चेहरा लाल होणं, अंगावर गांधी उठणं, डोकं दुखणं, मळमळणं असा त्रास होऊ शकतो. अनेकांना ती माशाची ॲलर्जी वाटते. महत्त्वाची गोष्ट म्हणजे एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून किंवा तळून जात नाही. "चांगला कडक तळला की काही होत नाही" ही समजूत इथे लागू पडत नाही.

कोळंबी: डोकं धडाला घट्ट चिकटलेलं आणि कवच पारदर्शक हवं. डोक्यापासून काळे डाग पडायला लागतात, ते कोळंबीच्या स्वतःच्या अंगातल्या विकरांमुळे. डाग दिसले म्हणजे कोळंबी विषारी झाली असं नाही, पण ती बर्फाशिवाय किंवा बराच वेळ राहिली आहे, हे मात्र नक्की.

खेकडे: जिवंतच घ्यावेत. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागला, तर भरलेला. अमावस्येच्या सुमाराचे खेकडे भरलेले आणि पौर्णिमेचे पोकळ, असं किनाऱ्यावर सगळीकडे सांगितलं जातं. खेकडा कात टाकतो, म्हणजे जुनं कवच सोडतो, त्यानंतर काही दिवस तो आतून रिकामा असतो. त्यामुळे तिथी कुठलीही असो, हातातलं वजन बघणं जास्त भरवशाचं.

तिसऱ्या: शिंपले घट्ट मिटलेले हवेत. उघड्या शिंपल्यावर टिचकी मारल्यावर तो मिटला, तर आतला जीव जिवंत आहे. शिजवल्यानंतरही जो उघडला नाही, तो खाऊ नये.

भाव रोज वेगळा का?

मासे घेणाऱ्यांची सर्वांत जुनी तक्रार म्हणजे "गेल्या आठवड्यात याच पापलेटाचे एवढे कमी पैसे दिले होते." याची कारणं तीन-चार आहेत.

पहिलं कारण वाराचं. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे बहुतेक घरांत मासे खाण्याचे वार. सोमवार, गुरुवार आणि संकष्टी पाळणारी घरं भरपूर. त्यामुळे रविवारी तोच मासा महाग आणि सोमवारी त्याच फळीवर गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेला. ज्यांना वाराचं बंधन नाही, त्यांना सोमवारी भाव करायला जास्त वाव असतो. मात्र त्या दिवशी आदल्या दिवशीचा उरलेला मालही फळीवर असू शकतो, म्हणून पारखून घ्यावं लागतं.

दुसरं कारण भरती-ओहोटीचं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाण्याचा ओढ जोरात असतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी संथ असतं. डोल जाळी प्रवाहाच्या तोंडावर बांधून ठेवतात आणि प्रवाहच मासे जाळ्यात ढकलतो. प्रवाह मंदावला की जाळ्यात कमी येतं. म्हणून भांगाच्या दिवसांत बोंबील, जवळा, करंदी कमी दिसते आणि महाग मिळते.

तिसरं कारण पावसाळी बंदीचं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. हा अनेक माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. पूर्व किनाऱ्यावर हीच बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते. म्हणजे जूनच्या मध्यापासून पूर्वेकडच्या बोटी समुद्रात असतात आणि इकडच्या किनाऱ्याला. त्या दिवसांत मुंबई-गोव्याच्या बाजारात दिसणारी मोठी सुरमई बहुतेक वेळा देशाच्या दुसऱ्या टोकाहून ट्रकने आलेली किंवा शीतगृहातून काढलेली असते. जुलैमध्ये "आजचीच आहे" हे उत्तर ऐकताना हे लक्षात ठेवावं. खात्रीचं खायचं असेल, तर त्या काळात खाडीतली आणि गोड्या पाण्यातली मासळी किंवा सरळ सुकी मासळी बरी.

चौथं कारण वेळेचं. कोळीण लिलावात रोख पैसे मोजून माल घेते. दुपार टळली की तिला उरलेला माल एक तर कमी भावात काढावा लागतो किंवा पुन्हा बर्फ विकत घेऊन दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावा लागतो. म्हणून संध्याकाळी भाव उतरतो. पण त्या वेळी मिळालेला स्वस्त मासा दिवसभर फळीवर होता, हेही खरं.

वाटा घ्यावा की वजनावर?

कोळंबी, बोंबील, मांदेली, तिसऱ्या यांचा वाटा लावायची पद्धत जुनी आहे. वाट्यात वजन नसतं, नजर असते. घासाघीस करताना भाव कमी होण्याऐवजी वर दोन बोंबील जास्त पडतात आणि दोघांनाही आपण जिंकलो असं वाटतं. वाट्यात एकच गोष्ट जपायची. वर मोठी मासळी आणि खाली बारीक असं तर नाही ना, ते हलवून बघायचं.

वजनावर घेताना वेगळा हिशेब असतो. बाजारात मासा आधी तोलतात आणि मग साफ करतात. समजा, एक किलोची अख्खी सुरमई ९०० रुपयांना घेतली. डोकं, पर, आतडी गेल्यावर ७०० ग्रॅम तुकड्या राहिल्या, तर तुकड्यांचा भाव किलोमागे जवळपास १,२८५ रुपये पडला. ॲपवर साफ केलेल्या सुरमईचा भाव १,२५० रुपये दिसला, तर तो बाजारापेक्षा महाग वाटतो, पण प्रत्यक्षात तसा नसतो. अर्थात, बाजारात घेतलेल्या माशाचं डोकंही घरी येतं आणि ज्या घरात डोक्याचं कालवण आवडीने होतं, तिथे हिशेब पुन्हा बदलतो. म्हणून दोन ठिकाणचे भाव ताडताना आधी वजन साफ करण्यापूर्वीचं की नंतरचं, ते विचारावं.

दुसराच मासा तर नाही ना?

नावांच्या गोंधळामुळेही गिऱ्हाइकाची फसगत होते. हलव्याला अनेक जण काळं पापलेट म्हणतात, पण तो पापलेटाच्या कुळातला नाही. चवीला उत्तम आणि भावाने बहुधा कमी, त्यामुळे हलवा म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही. रूपचंद हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आता भारतात तळ्यांत वाढवला जाणारा गोड्या पाण्यातला मासा. आकार गोलसर असल्याने तो काही ठिकाणी पापलेटाच्या नावाने खपवला जातो. त्याचे दात स्पष्ट दिसतात आणि अंगावर लालसर झाक असते.

सगळ्यात सोपी फसगत होते ती आधीच कापून ठेवलेल्या तुकड्यांत. डोकं आणि कातडी गेल्यावर सुरमई कुठली आणि दुसरा मासा कुठला, हे जाणत्यालाही सांगणं अवघड. उपाय एकच, मासा अख्खा निवडायचा आणि डोळ्यांसमोर कापून घ्यायचा.

आकाराचीही एक बाजू आहे. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटाला राज्य मासा म्हणून घोषित केलं. त्याच वर्षी राज्याने ५४ प्रकारच्या मासळीसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. पापलेटासाठी तो १३५ मिलिमीटर, बोंबलासाठी १८० आणि सुरमईसाठी ३७० मिलिमीटर आहे. त्याहून लहान मासा म्हणजे बहुधा एकदाही अंडी न घातलेलं पिल्लू. तळहातातही न भरणारी पापलेटं स्वस्तात मिळाली की पिशवी भरते, पण पुढच्या वर्षीच्या मोठ्या पापलेटाचा भाव त्यातूनच वाढत असतो. तळहाताहून लहान पापलेट न घेणं एवढं तर कुठल्याही गिऱ्हाइकाला जमण्यासारखं आहे.

फॉर्मेलिनची भीती खरी किती?

२०१८ च्या जूनमध्ये केरळच्या अन्न सुरक्षा विभागाने "ऑपरेशन सागर राणी" या मोहिमेत फॉर्मेलिन लावलेली मासळी मोठ्या प्रमाणावर पकडली. पाठोपाठ जुलैमध्ये गोव्यात मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीवरून गदारोळ झाला आणि राज्य सरकारने बाहेरून येणारी मासळी काही काळ थांबवली. हे सगळं पावसाळी बंदीच्या दिवसांत घडलं, जेव्हा मासळी लांबून येत होती. हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही, कारण प्रवास लांबला की बर्फाचा खर्च वाढतो आणि तिथेच रसायनाचा मोह होतो.

फॉर्मेलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण. प्रयोगशाळेत शव टिकवण्यासाठी ते वापरतात. फॉर्माल्डिहाइड माणसाला कर्करोगकारक ठरवलेलं आहे आणि भारतात ते खाद्यपदार्थांत घालायला परवानगी नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ते ओळखण्यासाठी कागदाच्या पट्टीची सोपी चाचणी तयार केली.

मात्र यात एक गुंता आहे. बोंबलासारख्या काही माशांत मेल्यानंतर नैसर्गिकरीत्याच थोडं फॉर्माल्डिहाइड तयार होतं. त्यामुळे चाचणीत काहीतरी सापडलं म्हणजे ते कुणी मुद्दाम घातलं, असा थेट अर्थ निघत नाही.

घरी प्रयोगशाळा नसलेल्या गिऱ्हाइकाने लक्षणांचा मेळ बघावा. डोळे खोल गेलेले, कल्ले फिके, पण अंग मात्र विचित्र कडक आणि वास अजिबात नाही, असा मासा दिसला तर घेऊ नये. शिळ्या माशाला शिळा वास यायलाच हवा. शंका पक्की असेल, तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

ठरलेली कोळीण का लागते?

मासे खाणाऱ्या बहुतेक घरांची एक ठरलेली कोळीण असते. ती कधीकधी स्वतःहून सांगते, "ताई, आज पापलेट नको घेऊ, हलवा ने." नव्या गिऱ्हाइकाला ती असं सांगेलच असं नाही. बाहेरून बघणाऱ्याला हा दुजाभाव वाटतो, पण त्यात व्यवहार आहे. माशावर तारीख नसते, म्हणून विकणारीची ओळख हीच तारखेची जागा घेते. तिची जागा ठरलेली, गिऱ्हाईक दर आठवड्याला येणारं. एका खराब पापलेटापायी वर्षानुवर्षांचं घर तुटणं तिला परवडत नाही.

हा विश्वास दोन्ही बाजूंनी चालतो. मासा खराब निघाला, तर पुढच्या वेळी शांतपणे सांगावं. जुनी कोळीण बहुधा त्याची भरपाई वाट्यात करते. दुसरीकडे, भाव करतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लिलावाचा भाव, गाडीभाडं आणि बर्फ हे तिचे मुख्य खर्च. पहिले दोन तिच्या हातात नसतात. दहा-वीस रुपयांसाठी फार ओढून धरलं, तर काटकसर शेवटी बर्फातच होणार.

आता वातानुकूलित दुकानं आणि घरपोच ॲप आली आहेत. तिथे तापमान सांभाळलेलं असतं, बिल मिळतं, मासा खराब निघाला तर पैसे परत मागता येतात. कामावर जाणाऱ्या घरांना हे सोयीचं आहे. पण साफ करून पाकिटात आलेल्या माशाला डोळे नसतात आणि कल्लेही नसतात. पारखण्याचे निम्मे मार्ग तिथे बंद होतात. म्हणून तिथे पाकिटावरची तारीख, पाकीट हातात आलं तेव्हा ते किती गार होतं आणि उघडल्यावर येणारा वास, या तीनच खुणा उरतात. त्या मासा फ्रिजमध्ये ठेवण्याआधी तपासाव्यात.

घरी आणल्यावर

बर्फाचा नियम बाजारात संपत नाही. बाजारातून निघून भाजी, किराणा, चहा असं करत दोन तासांनी घरी पोचलं, तर कोळणीने पहाटेपासून सांभाळलेला मासा पिशवीत बिघडू लागतो. म्हणून मासे सगळ्यात शेवटी घ्यावेत आणि मावशीकडून मूठभर बर्फ मागून पिशवीत घालावा. मावशी सहसा नाही म्हणत नाही.

घरी आल्यावर मासे लगेच धुवून पाणी निथळावं. त्याच दिवशी करायचे नसतील, तर मीठ-हळद लावून फ्रिजच्या सगळ्यात थंड भागात ठेवावेत. घरचा फ्रिज साधारण ४-५ अंशांवर असतो. वर सांगितलेल्या ठोकताळ्यानुसार फ्रिजमधला एक दिवस म्हणजे बर्फातले दोन दिवस. त्यामुळे उद्यापर्यंत ठीक, त्याहून जास्त ठेवायचे असतील तर फ्रीजरमध्ये, एका वेळेपुरत्या छोट्या पुड्या करून. एकदा वितळलेला मासा पुन्हा गोठवू नये.

एवढं सगळं कळल्यावर पुढच्या रविवारी "ताजं आहे ना?" हा प्रश्न थोडा बदलून विचारता येईल. "मावशी, हे कुठल्या बोटीचं? होडीचं की मोठ्या बोटीचं? बर्फात कधीपासून आहे?" प्रश्न ऐकून गिऱ्हाईक जाणतं आहे, हे मावशीच्या लगेच लक्षात येतं. मग पाटीतला वरचा मासा बाजूला सारून खालचा बाहेर निघण्याची शक्यता बरीच वाढते.